हाड कुणाचं ते नंतर, आधी गाळ बघा

मागच्या अंकात जुन्या सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवर लेख आला होता, म्हणजे हत्ती, पाणघोडे, गेंडे, तीन खुरांचे घोडे यांची हाडं जिथे सापडतात त्या जागांबद्दल. त्यात मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते की हाडाइतकाच त्याच्याभोवतीचा गाळ महत्त्वाचा असतो, आणि बघते तर बहुतेक सगळी पत्रं त्या एका वाक्यावरच आलीयत. मला मनापासून आनंद झाला, कारण हाडांचं कौतुक सगळेच करतात, गाळाबद्दल कुणी विचारत नाही, आणि माझं तर सगळं काम गाळातलंच आहे. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय.

प्रश्न : मी जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तकात नदीचा गाळ वेगळा, तळ्याचा गाळ वेगळा असं दिलंय, पण प्रत्यक्ष कड्यासमोर उभं राहिलं की दोन्हीकडे नुसती मातीच दिसते. नदीही गेली, तळंही गेलं, मग लाखो वर्षांनी ओळखायचं कसं?

उत्तर : पहिल्यांदा सगळ्यांना मातीच दिसते, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. एक गोष्ट धरून चाल, गाळ म्हणजे पाण्याच्या वेगाची नोंद. जोराचं पाणी गोटे ढकलतं, वेग उतरला की गोटे तिथेच राहतात आणि वाळू पुढे जाते, आणखी उतरला की वाळू बसते, मग पोयटा बसतो, आणि चिकणमातीचे कण तर एवढे बारीक की पाणी जवळपास थांबल्याशिवाय खाली बसायचं नाव घेत नाहीत. म्हणून आधी कण बघायचा. बोटांत चोळून बघ, वाळू खरखरीत लागते, पोयटा पिठासारखा मऊ लागतो पण दातांखाली धरला तर कचकचतो, आणि शुद्ध चिकणमाती लोण्यासारखी, दाताला काही जाणवतच नाही. फील्डवर आम्ही खरंच चिमूटभर माती दातांखाली धरून बघतो, पोयटा की चिकणमाती हे याच्याइतकं पटकन दुसऱ्या कशाने कळत नाही.

आता नदीचं बघ. नागमोडी नदीचं वळण हळूहळू सरकत असतं, बाहेरचा काठ खचतो, आतल्या काठावर वाळू साचते, आणि नदी बाजूला सरकेल तसा एकाच जागी खालून वर एक क्रम लागत जातो : तळाला पात्रातले गोटे, वर जाड वाळू, त्यावर बारीक वाळू, मग पोयटा, आणि सगळ्यात वर पुराने आणून पसरलेली माती, जिच्यात मुळांच्या खुणा असतात. या क्रमाची खालची रेघ सरळ नसते, खालच्या थराला खरवडून, कुठे खोल कुठे उथळ अशी बसलेली असते. वाळूच्या आत तिरपे थर दिसतात, ते ज्या बाजूला उतरतात तिकडे पाणी वाहत होतं. चपटे गोटे मात्र एकमेकांवर रेललेले असतात आणि त्यांचा उतार उलटा, म्हणजे पाणी जिकडून येत होतं त्या बाजूला असतो. ही दिशा एकदा हाताला लागली की कंपास काढून पन्नासेक ठिकाणी मोजायची, एका मापावर कधीच जायचं नाही, कारण वळणावळणाच्या नदीत थोड्या अंतरावर पाणी भलत्याच दिशेला जात असतं.

तळ्याचं तसं नाही. तिथे थर आडवे, पातळ, आणि लांबवर तसेच चालू राहतात, कधी शेकडो मीटर एकच पट्टा डोळ्यांनी धरून चालत जाता येतं. नदीची वाळू भिंगासारखी मध्ये जाड आणि दोन्हीकडे निमुळती होऊन संपते, तळ्याचा थर एवढ्यात संपत नाही. काठाजवळ लाटांचे ठसे मिळाले तर त्यांचे दोन्ही उतार सारखे असतात, कारण लाट पुढेमागे हलते. वाहत्या पाण्याच्या ठशाला एक बाजू उभी आणि एक सपाट असते. आणि मग जीव : शिंपल्यासारखं दोन झडपांचं कवच असलेले, मिलिमीटरभराचे ऑस्ट्राकॉड, डायटम म्हणजे काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शैवाल, पाणवनस्पतींचे बियांसारखे दिसणारे चुनखडी अवशेष, माशांचे काटे. शिंपल्याच्या दोन्ही झडपा जोडलेल्या मिळाल्या तर तो तिथेच जगला आणि तिथेच मेला असं समजायला हरकत नाही, सुट्या आणि एकाच बाजूने पालथ्या पडलेल्या मिळाल्या तर पाण्याने आणून टाकल्या.

पण एका खुणेवर कधी निकाल देऊ नये हे मी स्वतः चुकून शिकलेय. एका ठिकाणी मला हातभर जाडीचा राखाडी, बारीक थरांचा चिकणमातीचा पट्टा मिळाला आणि मी वहीत सरळ ‘तळं’ असं लिहून टाकलं, नकाशातही ते तळं म्हणून रंगवलं. दुसऱ्या सीझनला पाऊस पडून गेल्यावर तोच कडा नव्याने धुतला गेला होता, तेव्हा त्या पट्ट्यात उभ्या, पेन्सिलच्या शिशाएवढ्या बारीक मुळांच्या नळ्या दिसल्या, भोवती गंजासारखी कड असलेल्या, आणि तो पट्टा चाळीस पावलांवर संपत पण होता. म्हणजे ते तळं नव्हतंच, पूर ओसरल्यावर सखल जागी साचून राहिलेलं डबकं होतं, दर उन्हाळ्यात आटणारं. कागदावर फरक एका शब्दाचा दिसतो, पण तळं म्हटलं की तिथे वर्षभर पाणी, मासे, मगरी, पाणघोडे, आणि डबकं म्हटलं की कोरडा ऋतू आला, सगळ्या प्राण्यांचं चित्रच बदललं.

अजून एक जुना नियम डोक्यात ठेव. योहानेस वाल्थर या जर्मन भूवैज्ञानिकाने १८९४ मध्ये मांडलं की मध्ये खंड पडला नसेल तर जे थर एकावर एक दिसतात ते त्या काळी एकमेकांच्या शेजारी असलेल्या जागांचे असतात. म्हणजे खाली तळ्याची माती, वर काठाची वाळू, त्यावर नदीचे गोटे असा उभा क्रम दिसला तर तो आडवा करून बघ, नदी तळ्याला मिळत होती आणि गाळ टाकत टाकत तळ्यात पुढे सरकत होती. इथे कण खालून वर जाड होत जातो, नदीच्या वळणाच्या बरोबर उलटा.

प्रश्न : शाळेत शिकवते. मुलांनी विचारलं, हत्तीचं हाड नदीच्या वाळूत मिळालं तर हत्ती नदीत बुडून मेला का? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : मुलांचा प्रश्न एकदम नेमका आहे, बाई. बुडून मेला असेलही, पण वाळूवरून तसं म्हणता येत नाही. वाळू एवढंच सांगते की शेवटी हाड तिथे येऊन थांबलं. मेला कुठे, किती दिवस उघड्यावर पडला, तरसांनी काय काय नेलं, मग पुराने किती लांब आणलं, हा मधला सगळा प्रवास वेगळा शोधावा लागतो. त्या प्रवासाच्या अभ्यासाला टॅफोनॉमी म्हणतात, नाव १९४० मध्ये रशियन शास्त्रज्ञ येफ्रेमोव्ह यांनी दिलं.

वर्गात सांगायला सगळ्यात सोपा प्रयोग मायकेल व्हूरहीज यांचा आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्कामधल्या एका जीवाश्म खाणीवर काम करताना त्यांनी मेंढीची आणि कायोटीची, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याची, हाडं कृत्रिम पाटात, वाहत्या पाण्यात सोडून बघितली, ते काम १९६९ मध्ये छापून आलं. दिसलं असं की बरगड्या, मणके, छातीचं हाड ही हलकी सच्छिद्र हाडं लगेच तरंगल्यासारखी निघून जातात, मांडीची-दंडाची लांब हाडं तळाने सरकत हळूहळू जातात, आणि कवटी, खालचा जबडा शेवटपर्यंत मागे राहतात. म्हणजे खाणीत नुसते जबडे आणि कवट्याच मिळत असतील तर पाण्याने बाकीचं चाळून नेलंय, आणि बरगड्या, मणके, जबडे सगळं एकत्र असेल तर पाण्याने फारसा हात लावलेला नाही. मुलांना एक सांगा, हाड आणि त्याच्याभोवतीचा कण यांची जोडी जुळते का ते बघायचं. हत्तीची अख्खी मांडी बारीक चिकणमातीत मिळाली तर जे पाणी वाळूचा कणसुद्धा आणू शकत नव्हतं ते मांडी कशी आणेल? ती तिथेच पडलेली आहे, किंवा प्राणी तिथे चालत आला आणि चिखलात रुतला.

लांब हाडं कुठल्या दिशेला पडलीयत तेही मोजतात. वाहत्या पाण्यात ती एका दिशेला लागतात. स्थिर पाण्यात कशीही पडलेली असतात. आणि काही हाडं उभी, तिरपी मातीत घुसलेली मिळाली तर वरून जड जनावरं चालून गेली, पाणवठ्याच्या काठाला हे फार दिसतं.

झिजलेल्या कडांवरून अंतर काढायचा मोह मात्र टाळा. गुळगुळीत हाड लांबून आलं, धारदार कडांचं जवळचं, असं बरेच जण धरून चालतात, मीही शिकताना तसंच शिकले. पण वायोमिंगमधल्या ईस्ट फोर्क नदीत हाडं सोडून कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा बऱ्यापैकी लांब गेलेल्या हाडांवरही झीज फारच थोडी दिसली. ताजं हाड चिवट असतं. उलट एकाच जागी अडकून पडलेलं हाड वरून वाहणारी वाळू घासून घासून गुळगुळीत करू शकते.

प्रश्न : तळ्यात अख्खे सांगाडे मिळतात आणि नदीत तुकडे, असं म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर : अर्धं बरोबर. सगळी तळी सारखी नसतात, तीन जागा शेजारी ठेवून बघा म्हणजे लक्षात येईल.

जर्मनीतली मेसेलची खाण. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखीच्या स्फोटाने झालेल्या खड्ड्यात खोल तळं साचलं होतं. खोल आणि लहान, वारा पाणी ढवळू शकत नव्हता, त्यामुळे तळाशी ऑक्सिजनच नव्हता. तिथे बुडालेल्या प्राण्याला खायला, ओढायला, उकरायला तळाशी कुणी जिवंत नव्हतं, आणि गाळ वर्षाला जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा साचत होता तरी काही बिघडलं नाही. कुत्र्याएवढे लहान घोडे, वटवाघळं, त्यांच्या पोटातलं शेवटचं खाणं, केसांची काळी आकृती सगळं शाबूत आहे, एका गाभण घोडीच्या पोटात पिल्लाची हाडंसुद्धा जागच्या जागी मिळालीयत. १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत ही खाण गेली. पण एक बघा, त्या गाळाचा झालेला दगड खणून वर काढला आणि सुकू दिला की त्यातलं पाणी उडून पापुद्रे सुटतात आणि जीवाश्म फुटून जातो, म्हणून तो ओला असतानाच राळेवर उतरवून घेतात. गाळाचा स्वभाव माहीत नसेल तर इथे हाडसुद्धा हाती लागत नाही.

दुसरी टांझानियातली ओल्डुवाय घळ. तिथेही तळं, पण उथळ, खारं, पाऊस वाढला की पसरणारं आणि आटला की आकसणारं. मधल्या भागातल्या मातीत झिओलाइटसारखी खनिजं तयार झालीयत, ती क्षारयुक्त पाण्यात होतात, त्यावरूनच पाणी गोडं नव्हतं हे कळलं. हाडं आणि दगडी हत्यारं मात्र मधल्या भागात नाहीत, ती जास्त करून काठाच्या मातीत, जिथे गोड्या पाण्याचे झरे-ओहोळ येत होते. मेरी लीकी यांना १७ जुलै १९५९ ला प्राचीन मानवकुळातली जी प्रसिद्ध कवटी मिळाली ती याच काठाच्या थरातली, वय साधारण १८ लाख वर्षं. आजूबाजूची जनावरांची हाडं फोडलेली, कापल्याच्या खुणा असलेली, कुरतडलेली, अख्खा सांगाडा कुठेच नाही. तळंच, पण वागणं अगदी वेगळं.

तिसरी जागा नेब्रास्कातली ॲशफॉल, आणि ती मला सगळ्यात जास्त हलवून जाते. सुमारे १.२ कोटी वर्षांपूर्वीचा एक साधा पाणवठा, तळाशी वाळू आणि चिखल. दीडेक हजार किलोमीटरवरच्या ज्वालामुखीची राख येऊन पडली, प्राण्यांच्या फुप्फुसात काचेची धूळ गेली. तळाला पक्षी, कासवं यांची हाडं, ती आधी मेली, वर घोडे आणि उंट, आणि सगळ्यात वर गेंडे, ते सगळ्यात शेवटी, काही पिल्लं आयांच्या जवळच. राखेत हा क्रम इतका स्वच्छ आहे की कोण आधी गेलं, कोण नंतर, ते हाडांच्या उंचीवरून वाचता येतं. गेंड्यांच्या हाडांवर फुप्फुसाच्या आजाराने होणारी वेडीवाकडी वाढ दिसते, म्हणजे ते एका फटक्यात गेले नाहीत, काही काळ तसेच झुरले. हाडं नुसती उचलून म्युझियमच्या कपाटात लावली असती तर यातलं एक अक्षरही कळलं नसतं.

नदीचंही तसंच, मुख्य पात्रात तुकडे मिळतात हे खरं, पण नदीने सोडून दिलेल्या वळणात, नालाकृती सरोवरात, नाहीतर पुरात काठ फुटून पसरलेल्या वाळूखाली चांगले सांगाडे दाबले गेलेले असू शकतात. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांत पुष्कळ जीवाश्म अशा सोडून दिलेल्या, भरत आलेल्या पात्रांतूनच मिळालेत.

प्रश्न : लेखात ‘जुनी जमीन’ असा शब्द होता. गाळाच्या थरात जमीन कशी काय?

उत्तर : पूर येऊन गाळ टाकून गेला आणि पुढची शंभर, हजार वर्षं तिथे पूर आलाच नाही, तर त्या गाळावर गवत उगवतं, मुंग्या-वाळवी घरं करतात, पाऊस मुरतो, गाळाची जमीन होते. नंतर पुन्हा पूर येतो आणि ती गाडली जाते. शिवालिकमध्ये अशा जमिनी एकावर एक कितीतरी आहेत आणि माझ्या मते सस्तन प्राण्यांच्या अभ्यासात यांच्याएवढं बोलकं काहीच नाही, कारण प्राणी मुळात राहायचे तिथे. नदी त्यांना फक्त पाणी प्यायला, किंवा मरायला.

ओळखायची कशी, तर रंग बघा आधी. लाल-तपकिरी म्हणजे माती निचऱ्याची, हवा खेळती, लोह गंजलेलं. राखाडी-हिरवट म्हणजे पाणी तुंबलेलं. लाल मातीत राखाडी ठिपके, उभ्या रेघा म्हणजे ऋतूप्रमाणे पाणी वरखाली होत होतं, आणि बऱ्याच वेळा त्या रेघा म्हणजे मुळांच्याच जागा. मग कंकर शोधा, चुनखडीचे पांढरट खडे. ते मातीत ठरावीक खोलीवर होतात, कोरड्या हवेत वर, पाऊस जास्त असेल तर खोल, आणि फारच जास्त असेल तर होतच नाहीत. काळ्या कापसाच्या जमिनीसारखी फुगणारी-आकसणारी माती असेल तर तिच्या आत तिरप्या, चकचकीत, साबणासारख्या गुळगुळीत घसरफळ्या दिसतात, ढेकूळ हाताने फोडलं की ती बाजू उन्हात चमकते. अशी जमीन म्हणजे कडक उन्हाळा आणि भरपूर पावसाळा दोन्ही.

याच कंकरांनी एक फार मोठी गोष्ट उलगडली. झाडं-झुडपं आणि उष्ण प्रदेशातली गवतं कार्बन दोन वेगळ्या पद्धतींनी वापरतात, त्याचा ठसा मातीतल्या कंकरात आणि ते खाणाऱ्या प्राण्याच्या दातात उतरतो. शिवालिकमधल्या कंकरांत हा ठसा सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात बदलताना दिसतो, झाडी मागे हटली आणि गवताळ प्रदेश पसरला, आणि त्याच सुमाराला प्राण्यांचीही अदलाबदल झालेली दिसते, झाडीवर जगणारे कमी होत गेले. दात आणि माती दोन्ही एकच साक्ष देतात, म्हणून ती पक्की.

जुन्या जमिनीवर पडलेल्या हाडाच्या पृष्ठभागावर किती भेगा गेल्यात, पापुद्रे किती सुटलेत तेही बघतात. केनियातल्या अंबोसेलीत मेलेल्या जनावरांची हाडं वर्षानुवर्षं बघून ॲना बेहरेन्समेयर यांनी १९७८ मध्ये याच्या पायऱ्या ठरवल्या, शून्य म्हणजे अगदी ताजं आणि पाच म्हणजे हात लावला तर चुरा. एकाच थरात सगळ्या पायऱ्यांची हाडं मिळाली तर ती बरीच वर्षं हळूहळू जमा झालीयत, सगळी एकाच पायरीची असतील तर एकदमच काहीतरी घडलं असावं.

प्रश्न : तळ्यातला एक पातळ थर म्हणजे एक वर्ष, बरोबर ना?

उत्तर : काही तळ्यांतच. थंड प्रदेशात बर्फ वितळलं की जाडसर फिका थर, हिवाळ्यात बारीक काळपट थर, अशी जोडी वर्षाला एक बसते, स्वीडनच्या येरार्ड दे येर यांनी अशा जोड्या मोजून हिमयुगाच्या शेवटाचं कॅलेंडरच बनवलं. पण वादळानेही थर पडतो, एका पावसाळ्यात चार पूर आले तर चार थर पडतात. वर्षच आहे हे दुसऱ्या पुराव्याने पटल्याशिवाय मोजायला बसू नये.

प्रश्न : हाडाचं वय काढायचं तर सरळ कार्बन डेटिंग करायचं, त्यासाठी गाळाची एवढी उठाठेव कशाला?

उत्तर : कार्बनची पोच जेमतेम ५० हजार वर्षांपर्यंत, त्यापुढे मोजण्याएवढा किरणोत्सारी कार्बन उरतच नाही. म्हणून वय बहुतेक वेळा गाळाचं काढतात आणि ते हाडाला लावतात. ज्वालामुखीची राख मिळाली तर तिच्यातल्या खनिजांवरून, वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी बघितलं त्यावरून, किंवा बारीक मातीत पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा अडकून राहते त्यावरून, कारण ती दिशा मधूनमधून उलटते आणि शेवटची मोठी उलट सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वी झाली.

पण हे लावताना सगळा भरवसा त्या गाळावर असतो. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा महास्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला, त्याची राख भारतातल्या कितीतरी नदीखोऱ्यांत मिळते. ती पडली तशीच असेल तर शुद्ध, पातळ, खालच्या जमिनीवर चादरीसारखी असते. नंतर पावसाने धुऊन खोलगट जागी आणली असेल तर जाड असते, तिच्यात तिरपे थर आणि माती मिसळलेली असते, मग राखेचं वय हे त्या थराचं वय राहत नाही, थर तेवढा किंवा त्याहून नवा, एवढंच म्हणता येतं.

गोट्यांच्या थरात तर ही अडचण आणखी वाढते. ५ डिसेंबर १९८२ ला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनाकिया यांना नर्मदाकाठी हथनोऱ्याला प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तो सिमेंटसारख्या घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात होता, सोबत सस्तन प्राण्यांची हाडं. आता गोट्यांचा थर म्हणजे नदी जोरात असतानाचा, तेव्हा ती काठ कापते, काठातल्या जुन्या थरांतली हाडं ओढून आणते आणि त्या वर्षी मेलेल्या जनावरांबरोबर एकाच ढिगात टाकते. त्यामुळे अशा थरातली दोन हाडं शेजारी आहेत म्हणून ते दोन प्राणी एका काळचे असं म्हणायला मी तयार नसते. त्या कवटीच्या वयावर इतकी वर्षं चर्चा चाललीय त्याचं एक मोठं कारण हा गाळच आहे.

प्रश्न : नदीकाठी फिरताना घसरलेल्या दरडीच्या पायथ्याशी मला जबड्याचा एक तुकडा मिळाला, दोन दाढा आहेत. बाहेरून पिवळी जाडी वाळू चिकटलीय, पण मुळांच्या पोकळीत राखाडी माती भरलेली आहे. मी तो धुवायला घेतला होता, मग तुमचं वाक्य आठवलं आणि थांबलो. आता काय करू?

उत्तर : तुम्ही थांबलात हे वाचून मी अक्षरशः सुटकेचा श्वास सोडला. अजिबात धुऊ नका, ब्रशही नको. तुमच्या हातात एका हाडाचे दोन पत्ते आहेत.

बाहेरची पिवळी वाळू हा शेवटचा पत्ता, आतली राखाडी माती हा आधीचा. पोकळीत एवढी बारीक माती भरायची तर जबडा आधी कुठल्यातरी शांत पाण्यात पडलेला असणार, सोडलेल्या पात्रात नाहीतर तळ्यात. तिथे तो गाडला गेला, माती आत घट्ट बसली, मग कधीतरी नदीने तो थर कापला, जबडा निघाला आणि वाळूत परत गाडला गेला. मधे किती काळ गेला ते नुसतं बघून सांगता येणार नाही, दहा वर्षंही असतील, लाखभरही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एका दाढेच्या मुळाशी पांढरा ठिपका दिसतोय, तो ऑस्ट्राकॉडचा असू शकतो, मायक्रोस्कोपखाली बघितलं की समजेल. असलाच तर तळ्याचं किंवा डबक्याचं पाणी कसं होतं तेही त्यातून कळेल.

तर आता असं करा. जबडा आहे तसा मऊ कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, गळून पडलेली माती टाकू नका, आतली आणि बाहेरची वेगवेगळ्या पुड्यांत ठेवून त्यावर तारीख लिहा. मग शक्य तितक्या लवकर त्या जागी परत जा, पुढच्या पावसात दरड धुपून जायच्या आत. सापडलेल्या जागेचा, आणि वरच्या सगळ्या कड्याचा फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा काठी उभी करून. मोबाईलवरचं लोकेशन लिहून ठेवा. पायथ्याशी मिळालंय म्हणजे वरून आलंय, तेव्हा कड्यात पिवळी जाडी वाळू किती उंचीवर आहे ते खालून बघा, आणि तिच्या खाली राखाडी मातीचा पट्टा दिसतो का तेही. स्वतः खणू नका आणि सैल दरडीखाली उभे राहू नका. जवळच्या युनिव्हर्सिटीच्या भूशास्त्र विभागाला किंवा म्युझियमला फोटोंसकट कळवा आणि जबडा त्यांच्या हवाली करा, सोबत दोन्ही पुड्या द्यायला विसरू नका. राखाडी पट्टा सापडला तर मला नक्की कळवा, त्याच्या वरची रेघ सरळ आहे की खरवडलेली, तेवढं बघून ठेवा.